गोळ्या ठेवूनही दरवर्षी कपड्यांना कसर लागत असेल तर

दिवाळी सरली, नाशिकच्या हवेत गारवा आला की माझ्याकडे रफूला येणाऱ्या कपड्यांत लोकरीचे कपडे एकदम वाढतात. तक्रार बहुतेकींची एकच असते: “ताई, डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, तरी भोकं पडली.” पुढच्या वर्षी घर तेच, तक्रार तीच, फक्त कपडा दुसरा. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते आहे. भोक बुजवणं हे माझं काम, पण ते पडूच नये यासाठी जे करायचं ते तुमच्याच घरात आणि तुमच्याच हातांनी व्हायला हवं.

आपल्याकडे हा त्रास जास्त होतो, याला कारण आहे. नाशिकची थंडी खरी असते. निफाडकडे तर पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो. त्यामुळे लोकरीचे कपडे घरोघरी असतात, पण ते लागतात जेमतेम दोन-तीन महिने. शिमग्याच्या आसपास गुंडाळलेला स्वेटर थेट दिवाळीनंतर बाहेर येतो. मधले आठ-नऊ महिने त्याला कुणी हात लावत नाही, आणि त्यातले चार पावसाळ्याचे. शिवाय येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे घरात एखादी तरी पैठणी असते. पूजेचा कद, सोवळ्याची धाबळी, गावाकडून आलेली घोंगडी, देवघरातलं लोकरीचं आसन हेही असतंच. किड्याला अंधार, शांतता आणि लोकर-रेशीम हवं असतं. आपली कपाटं आणि माळे त्याला तिन्ही पुरवतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: गोळी हा उपाय नाही, आणि किड्याचं मूळ घर बहुतेक वेळा तुमच्या कपाटात नसतंच. ते शोधलं नाही तर कपाट कितीही धुवा, पुसा, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

भोक नेमकं कशाचं?

भोक दिसलं म्हणजे किडाच असं नाही. टी-शर्टला पोटापाशी बारीक बारीक भोकं पडतात ती बहुतेक जीन्सच्या बटणाच्या किंवा ओट्याच्या कडेच्या घासण्याने. रेशमी साडी घडीवर सरळ रेषेत चिरली असेल तर तोही किडा नव्हे. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम तिथे कमजोर होऊन तुटतं, आणि जरीच्या काठाजवळ ते आधी तुटतं. अशा साडीवर औषध मारून काही होणार नाही, तिच्या घड्या बदलायला हव्या होत्या. कांजी केलेल्या सुती कापडाच्या कडा कुरतडलेल्या असतील, शेजारी काळे बारीक ठिपके असतील, तर झुरळांकडे बघा.

किड्याचं भोक ओळखायचं तर कपडा दिवसा खिडकीत उजेडासमोर धरा. मग तो उलटा करून काखेत, कॉलरखाली, शिवणीत, खिशाच्या आत बघा. वरवर एकच भोक असतं, पण उजेडात आजूबाजूची विरळ झालेली जागाही दिसते. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक मरून रंगाचा हाताने विणलेला स्वेटर आला होता. काखेतल्या शिवणीत कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक चिकट धागा होता आणि त्यात खसखशीएवढे कण अडकलेले होते. ते कणही मरून रंगाचेच होते. ती अळीची विष्ठा. अळी लोकर खाते तेव्हा रंगही तिच्या पोटात जातो, म्हणून विष्ठेला कापडाचाच रंग येतो. लोक याला धूळ समजून झटकून टाकतात. पण किडा कोणता, याचा इतका सोपा पुरावा दुसरा नाही.

असा रेशमासारखा धागा आणि रंगीत कण सापडले तर तो लोकरीचा पतंग. पतंग स्वतः काहीच खात नाही, त्याला खायला तोंडच नसतं म्हटलं तरी चालेल. खाते ती त्याची पांढरट, डोकं तपकिरी असलेली अळी. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते आणि उबदार हवेत ती ४ ते १० दिवसांत फुटतात. अळी किती दिवस खात राहील ते हवा आणि खाणं यावर ठरतं. दोन महिन्यांत आटोपते, नाहीतर वर्ष-वर्षही रेंगाळते. पतंग सोनेरी, फिकट, सात-आठ मिलिमीटरचा असतो आणि उजेड टाळतो. कपडा उचलला की उडण्यापेक्षा पळून घडीत लपतो. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटभोवती फिरणारे पतंग बघून घाबरू नका. ते बहुधा तांदूळ, रवा, डाळीतले असतात आणि त्यांचा कपड्यांशी संबंध नाही. त्यांच्यासाठी डबे तपासा.

याचंच एक भावंड आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर असतं. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, छताच्या कडेला, पंख्यामागे काकडीच्या बीसारखी चपटी, करडी पुडी लोंबकळताना दिसते. हात लावला तर रेतीसारखी लागते. ती भिंतीचा पोपडा नव्हे. आत अळी असते, पुडीला दोन्ही टोकांना तोंड असतं, आणि अळी हे घर पाठीवर घेऊन हळूहळू सरकते. तिचं मुख्य खाणं जुनी जळमटं, मेलेले किडे, केस. पण तीच लोकरीवरही उतरते. ज्या घरात अशा पुड्या भरपूर दिसतात तिथे लोकर उघडी ठेवू नका.

धागा नाही, कण नाहीत, पण भोकाजवळ तपकिरी, केसाळ, पोकळ सालं पडलेली असतील तर किडा वेगळा. ती भुंगेऱ्याची अळी. अळी चार-पाच मिलिमीटर, केसांनी भरलेली, अंगावर पट्टे. वाढताना कात टाकते आणि ती कात तिथेच राहते. मोठा भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, गोलसर, पांढरे-तपकिरी-पिवळे ठिपके असलेला. तो फुलांचा पराग खातो आणि उजेडाकडे जातो, म्हणून मेलेला सापडतो तो खिडकीच्या चौकटीत. मार्च-एप्रिलमध्ये खिडकी पुसताना असे बारीक ठिपकेदार भुंगेरे दिसले तर घरात कुठेतरी त्यांच्या अळ्या जेवत आहेत हे नक्की समजा. या अळ्यांच्या केसांनी काही जणांच्या अंगावर खाजरे चट्टे उठतात. ढेकूण झाले म्हणून गाद्या बाहेर काढल्या जातात आणि ढेकूण काही सापडत नाही, त्यातल्या काही घरांत खरं कारण हे असतं.

तिसरी आपली ओळखीची चंदेरी कसर. बिनपंखी, माशासारखी निमुळती, शेपटीला तीन केस, दिवा लावला की सुळकन पळणारी. हिला लोकरीपेक्षा कांजी, डिंक, कागद जास्त आवडतो. ही आरपार भोक पाडण्यापेक्षा पृष्ठभाग खरवडते. खळ दिलेली सुती साडी, रेयॉनचा कुर्ता, जुन्या फोटोंचा अल्बम, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांची कड ही तिची ठिकाणं. तिला ओल हवी. हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा असला की ती फोफावते, कोरड्या जागी टिकत नाही. म्हणजे ही सापडली तर प्रश्न कपड्याचा कमी आणि भिंतीतल्या ओलीचा जास्त.

कोणता कपडा धोक्यात आहे?

पतंगाची आणि भुंगेऱ्याची अळी प्राण्यापासून आलेलं खाते: लोकर, केस, पिसं, फर, रेशीम. सुती आणि पॉलिएस्टर ती सहसा सोडून देते, पण घाम, तेल, भाजीचा डाग असेल तर तेही कुरतडते. म्हणूनच भोकं काखेत, मानेशी आणि पुढच्या बाजूला जास्त असतात. पूजेचा कद वारंवार धुतला जात नाही, त्यावर घाम, तूप, गंध असतं. त्यात तो रेशमी. अळीला यापेक्षा बरं ठिकाण मिळणार नाही.

घरातलं नेमकं काय जपायचं हे माहीत नसेल तर पदराच्या आतल्या टोकाचा किंवा शिवणीतला एक धागा काढून चिमट्याने धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली गेली तर ती खरी लोकर किंवा खरं रेशीम. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा, स्वच्छ असेल तर त्याला अळी सहसा लागत नाही. हिवाळ्यात शरणपूर रोडला स्वेटर घ्यायला गेलात तर लेबल वाचा. ॲक्रिलिकच्या स्वेटरसाठी पुढे लिहिलेला सगळा खटाटोप लागत नाही, धुऊन ठेवला की झालं.

किडा येतो कुठून?

इथे मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे, कारण वारंवार कसर लागणाऱ्या घरांत नेमकी हीच पायरी राहून गेलेली असते.

पहिला संशय कबुतरांवर घ्या. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, डक्टमध्ये, न्हाणीघराच्या झरोक्यात, गॅलरीतल्या जुन्या कुलरखाली कबुतरांचं घरटं असतं. पिसं, मेलेली पिल्लं, विष्ठा यांवर भुंगेऱ्याच्या आणि पतंगाच्या अळ्या पोसल्या जातात आणि घरटं रिकामं झालं की खिडकीच्या फटीतून आत येतात. कपाट चकचकीत आणि भिंतीपलीकडे घरटं, अशी घरं मी कितीतरी पाहिली आहेत. घरट्यात अंडी-पिल्लं नसताना, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून, आधी पाणी शिंपडून ते काढा. कोरडी विष्ठा झाडू नका, ती धूळ फुप्फुसांना वाईट. नंतर जाळी मारा. झरोक्याच्या फटीही बुजवा.

कुंभारीण माशीची मातीची घरटी खिडकीच्या कोपऱ्यात, पडद्याच्या दांडीमागे असतात. त्यात तिने कोंबलेले कोळी असतात, आणि ते वाळले की भुंगेऱ्याची अळी तिथे येते. घरटं रिकामं झालं की खरवडून काढा. माळ्यावर किंवा पोटमाळ्यात मेलेला उंदीर, मेलेली पाल राहिली असेल तरी तेच होतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांत, जिथे सागवानी तुळया आणि फळ्यांमध्ये फटी असतात, तिथे माळा आधी बघा, कपाट नंतर.

मग घरातल्या वस्तू. देवघरातली मोरपिसं कधी झटकून बघितली आहेत? पिसाचे तंतू तुटून खाली भुगा पडत असेल तर ते वय झालं म्हणून नव्हे. पेटी, म्हणजे हार्मोनियम, कोपऱ्यात बंद पडून असेल तर तिच्या पट्ट्यांखालची फेल्ट लोकरीची असते. ती खाल्ली गेली की पट्ट्या खडखड वाजतात आणि आपण म्हणतो पेटी जुनी झाली. पेटी उघडायचं काम दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या. दिवाणातल्या बॉक्समध्ये ठेवलेली आजोबांची घोंगडी, भिंतीला लावलेला गालिचा, सोफ्याखाली साठलेले कुत्र्याचे केस, ड्रेसिंग टेबलच्या खणात पडलेले कंगव्यातले केस, खऱ्या केसांचे रंगकामाचे ब्रश, हेही सगळं खाद्यच. जड फर्निचर वर्षानुवर्षं हलत नाही, त्याच्यामागे केस-धूळ-जळमट यांची जी पट्टी साठते त्यावर अख्खी पिढी पोसली जाते.

शेवटी बाहेरून आलेल्या वस्तूही आठवा. जुन्या बाजारातून घेतलेली खुर्ची, गावाच्या घरातून आणलेली पेटी, नातेवाइकांकडून आलेला जुना कोट. अशी वस्तू थेट कपाटात जाऊ नये.

कपाट कसं रिकामं करायचं?

एक पूर्ण दिवस द्या, उन्हाचा. पावसाळ्यात हे काम काढू नका. सगळे कपडे बाहेर, एकही मागे ठेवायचा नाही. गच्चीत किंवा अंगणात प्रत्येक कपडा जोरात झटका, शिवणी, कॉलर, खिसे, दुमडलेल्या बाह्या ब्रशने घासा. अंडी कापडाला फार घट्ट धरून नसतात, ब्रशने बरीच पडतात. झटकणं घरात करू नका, ती गादीवर नाहीतर गालिच्यावर जाऊन बसतील.

रिकामं कपाट व्हॅक्यूमने, आणि नसेल तर ओल्या फडक्याने, फटीफटीतून स्वच्छ करा. प्लायवुडचे सांधे, ड्रॉवरचे कोपरे, बिजागऱ्यांच्या मागचा भाग, कपाटाचं डोकं आणि तळ. व्हॅक्यूमची पिशवी किंवा डब्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका, नाहीतर तो किडा तिथेच वाढतो. फटी लांबीने (पुट्टीने) भरा. फळ्यांवर अंथरलेले जुने वर्तमानपत्र काढून टाका, ते चंदेरी कसरीचं खाद्य आहे. कपाट न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. भिंतीला हात लावल्यावर गार-ओलसर लागत असेल तर गळती शोधणं हाच चंदेरी कसरीवरचा उपाय, दुसऱ्या कशाने फरक पडणार नाही. फटींमध्ये बोरिक पावडर फुंकरीने घातली तर चंदेरी कसरीवर काम करते, पण लहान मूल किंवा मांजर-कुत्रं पोहोचेल अशा जागी नको, आणि कपड्यांवर तर अजिबात नको.

किडा मारायचा कसा?

धुणं, ड्रायक्लीन, उष्णता आणि थंडी. खात्रीने मारणाऱ्या गोष्टी एवढ्याच.

गरम पाणी चालणारा कपडा ६० अंशांवर धुवा, संपलं. लोकर त्या पाण्यात आकसते, म्हणून लोकरीसाठी ड्रायक्लीन किंवा पुढचे दोन मार्ग. ड्रायक्लीनला देताना “कसर आहे” असं स्पष्ट सांगा आणि कपडा पिशवीत बांधून द्या. रोल पॉलिश म्हणजे ड्रायक्लीन नव्हे. पॉलिशमध्ये खळ किंवा डिंक लावला जातो, साडी ताठ आणि चकचकीत होते, पण किडा मरत नाही आणि वरून चंदेरी कसरीसाठी खाद्य लागतं. लग्नाआधी पॉलिश केलेली साडी वापरून झाल्यावर तशीच आत ठेवू नका.

उष्णतेचा नियम असा की कापडाच्या आतपर्यंत ५५ अंशांच्या आसपास तापमान तासभर टिकलं तर अंड्यापासून पतंगापर्यंत सगळं मरतं. नुसतं उन्हात टाकून हे होईलच असं नाही, कारण अळी उजेड सोडून घडीच्या आत शिरते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या आसपास जातो, तेव्हा उन्हात काचा बंद करून उभ्या असलेल्या गाडीच्या आत हे तापमान मिळतं. लोकरीचे कपडे काळ्या पिशवीत सैल, पातळ थरात पसरून दुपारी ११ ते ४ गाडीत ठेवा. मधल्या घडीत एक साधा थर्मामीटर घाला आणि आकडा बघूनच काढा. घोंगडी, आसन, ब्लँकेट यांसाठी मला हा मार्ग सगळ्यात आवडतो, काही खर्च नाही. पैठणी, जरी, चिकटवलेलं भरतकाम यांना मात्र गाडीत टाकू नका.

रेशमाला थंडी बरी. कपडा पूर्ण कोरडा हवा. मलमलमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये किमान १४ दिवस ठेवा. काढल्यावर पिशवी उघडायची घाई नको. ती पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एक दिवस जाऊ दे, नाहीतर थंड कापडावर पाणी जमून जरी काळी पडेल. एकदारी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका, त्यात बहुधा इतकी थंडी नसते. दोनदारी फ्रीजचं वेगळं फ्रीजर लागतं. जुनी, जीर्ण, घडीवर तुटायला आलेली साडी गोठवू नका, ती ड्रायक्लीनच्याही आधी जाणत्या माणसाला दाखवा.

गोळ्यांबद्दल

डांबरगोळीची वाफ किड्याला मारते हे खरं, पण त्यासाठी हवाबंद जागेत ती दाट साठावी लागते. आपल्या कपाटाचं दार दिवसातून दहादा उघडतं, मग गोळीचा फक्त वास उरतो. वासाने अळी पळत नाही. बाजारात दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात, नॅफ्थलीनच्या आणि पॅराडायक्लोरोबेन्झिनच्या. दोन्ही एकत्र ठेवल्या तर पाघळून द्रव होतात आणि कापडावर डाग पडतात. जरीला तर कोणतीच गोळी टेकू देऊ नका.

यातली एक गोष्ट मात्र फार गंभीर आहे, कृपया लक्षात ठेवा. आजीच्या पेटीतली दुपटी, टोपडी, बाळंतविड्याचे कपडे डांबरगोळ्यांमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेले असतात आणि बाळ आलं की तसेच काढून घातले जातात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असते. अशा बाळाला नॅफ्थलीनची वाफ लागली की लाल पेशी फुटतात, कावीळ होते, जिवावरही बेततं. ही कमतरता बाहेरून दिसत नाही. म्हणून तान्ह्या बाळाचे कपडे, अंथरूण, पांघरूण यांच्याजवळ डांबरगोळी कधीच नको. कापूरही मुलांच्या हाताला लागू देऊ नका, तो पोटात गेला तर आकडी येते.

दुसरं त्याहून घातक. शेतकरी घरात धान्यासाठी आणलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी कपड्यांच्या पेटीत ठेवायला सांगेल. ऐकू नका. त्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, कुणाकडे जुनी बाटली असेल तर ती कपाटात फवारण्यासाठी नाही.

वेखंड, कडुलिंब, लवंग यांना मी नाही म्हणत नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंडाचे तुकडे आणून मलमलच्या पुरचुंडीत ठेवा, कडुलिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवून मगच ठेवा, कारण अर्धवट वाळलेल्या पाल्याने बुरशी येते. वास ताजा असेपर्यंत नवीन पतंग दूर राहायला याची मदत होते. पण आत असलेल्या अळीचं यांनी काही होत नाही, म्हणून हे सफाईनंतर, सफाईऐवजी नव्हे.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावणार असाल तर कपडे आधी बाहेर काढा आणि विचारा: किडा कोणता सापडला, कुठे सापडला? कपाटभर धूर करून जाणाऱ्याला नको म्हणा. फटी, स्कर्टिंग, फर्निचरमागची जागा यांवरच फवारणी हवी. आणि कबुतराचं घरटं तिथेच असेल तर सहा-सहा महिन्यांनी पैसे देत राहाल.

ठेवताना

लोकर धुवा किंवा ड्रायक्लीन करा, पूर्ण वाळवा, झिपच्या जाड पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करा. एकदाच घातला म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर सगळ्यात आधी खाल्ला जातो. शिमग्याच्या आसपास एखाद्या रविवारी हे सगळं उरकून टाका.

रेशमाला हवाबंद प्लास्टिक नको, ओल आत कोंडली की जरी काळवंडते. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलमध्ये किंवा मांजरपाटात गुंडाळा, आडवी ठेवा, हँगरला टांगू नका कारण जरीच्या वजनाने कापड ओढलं जातं. तीन-चार महिन्यांनी घडी बदला आणि तेव्हाच उलगडून काठ, पदर, घड्यांच्या आतली बाजू बघा. ऊन दाखवायचं तर सावलीतली हवा पुरते, थेट उन्हात रंग उतरतो. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की पावसाळ्याची ओल काढायला हे दिवस उत्तम.

एवढं करूनही शंका असेल तर कपाटाच्या तळाशी आणि पलंगाखाली चिकट पुठ्ठे ठेवा. लोकरीच्या पतंगासाठी मादीच्या गंधाचे पुठ्ठे ऑनलाइन मिळतात. त्यात फक्त नर अडकतो, त्यामुळे किडा संपत नाही, पण आहे की नाही आणि कोणत्या खोलीत जास्त आहे हे कळतं. दर महिन्याला बघा. एका खोलीतच सतत पतंग अडकत असतील तर मूळ त्या खोलीत किंवा तिच्या भिंतीपलीकडे आहे, पुन्हा तिथे शोधा.

रफू सगळ्यात शेवटी. जिवंत अळी असलेला कपडा कुणाच्याही दुकानात आणू नका, तिथे इतरांच्याही साड्या असतात. आधी ड्रायक्लीन किंवा फ्रीजर, मग रफू. येताना मूळ धागा मिळवून ठेवा. विणलेल्या स्वेटरसाठी उरलेली लोकर नसेल तर आतल्या शिवणीतून हातभर धागा निघतो. पैठणीसाठी सोबतचा ब्लाउजपीस कापताना उरलेली पट्टी जपून ठेवा, त्याच रंगाचं रेशीम नंतर बाजारात मिळत नाही.